सम्राट क्लॉडियस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन सम्राटांचा विषय निघाला की लोक नीरोबद्दल विचारतात, नाहीतर कॅलिगुलाबद्दल. त्या दोघांच्या मधे जवळजवळ चौदा वर्षं राज्य करून गेलेल्या माणसाबद्दल प्रश्न आलाच तर तो बहुधा त्याच्या बायकांबद्दल असतो. इथे बायकांविषयीचे प्रश्न आहेतच, पण बंदर, धान्य, कालवे आणि फायली यांनाही जागा दिली आहे. क्लॉडियसचं खरं आयुष्य त्यातच गेलं.

क्लॉडियस म्हणजे नेमका कोण? राजघराण्याशी त्याचं नातं काय?

टायबेरियस क्लॉडियस याचा जन्म १ ऑगस्ट, इ.स.पू. १० रोजी लुग्दुनुम इथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाला. इटलीबाहेर जन्मलेला तो पहिला रोमन सम्राट. वडील ड्रुसस हे नावाजलेले सेनापती. जर्मनीच्या मोहिमेत घोड्यावरून पडून ते गेले, तेव्हा क्लॉडियस जेमतेम वर्षाचा होता. आई अँटोनिया ही मार्क अँटनीची मुलगी आणि सम्राट ऑगस्टसची भाची. ऑगस्टसची पत्नी लिव्हिया ही त्याची सख्खी आजी, दुसरा सम्राट टायबेरियस हा सख्खा काका, तिसरा सम्राट कॅलिगुला हा सख्खा पुतण्या.

एवढा गोतावळा असूनही एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती. टायबेरियस आणि कॅलिगुलाचे वडील जर्मानिकस हे दोघे दत्तकविधानाने ऑगस्टसच्या ज्युलियन घराण्यात गेले होते. क्लॉडियसला कुणीच दत्तक घेतलं नव्हतं. त्यामुळे गादीवर आल्यावर 'सीझर' हे नाव त्याने सरळ स्वतःच लावून घेतलं. तेव्हापासून सीझर ही आडनावाऐवजी पदवी होत गेली.

त्याला काय आजार होता? तो खरंच मंदबुद्धी होता का?

चालताना गुडघे साथ देत नसत, एक पाय ओढत चालायचा, डोकं हलायचं, बोलताना अडखळायचा, चिडला की तोंडातून लाळ यायची आणि नाक वाहायचं. हे वर्णन चरित्रकार सुएटोनियसचं. आजच्या अभ्यासकांपैकी अनेकांचा कल सेरेब्रल पाल्सीकडे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याच्या विकाराकडे आहे. आधी पोलिओचं नाव घेतलं जायचं. दोन हजार वर्षांनी वर्णनावरून केलेलं निदान किती धरायचं हे ज्याने त्याने ठरवावं.

बुद्धीचं मात्र स्पष्ट सांगता येतं. ती शाबूत होती, आणि घरच्यांना ती दिसत नव्हती किंवा पाहायची नव्हती. आई त्याला 'निसर्गाने सुरू करून अर्धवट सोडलेला माणूस' म्हणायची. कुणाला मूर्ख ठरवायचं असलं की 'माझ्या क्लॉडियसपेक्षाही मठ्ठ' असं म्हणायची तिला सवय होती. आजी त्याच्याशी फारसं बोलतच नसे, चिठ्ठी पाठवून कान उपटायची. ऑगस्टसची काही पत्रं सुएटोनियसने उतरवून ठेवली आहेत. ती वाचली की त्या घरातली घालमेल कळते. या मुलाला लोकांसमोर आणायचं की नाही, आणलं तर लोक त्याला हसतील आणि आपल्यालाही, अशी काळजी एका पत्रात आहे. दुसऱ्या पत्रात मात्र ऑगस्टस चकित होऊन लिहितो की बोलताना इतका गोंधळणारा हा मुलगा भाषण इतकं स्पष्ट कसं करू शकतो.

पन्नाशीपर्यंत तो करत काय होता?

अभ्यास आणि जुगार, दोन्ही मनापासून. इतिहासकार लिव्ही याने त्याला तरुणपणीच इतिहास लिहायला प्रोत्साहन दिलं. त्याने इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचा इतिहास वीस खंडांत आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा आठ खंडांत लिहिला, दोन्ही ग्रीक भाषेत. ज्युलियस सीझरच्या खुनानंतरच्या यादवीचा इतिहासही सुरू केला होता. पण त्यात आपलेच आजोबा-पणजोबा एकमेकांविरुद्ध लढलेले. आई आणि आजीने डोळे वटारल्यावर तो भाग त्याने गाळला. फाशांच्या खेळावरही त्याने एक पुस्तक लिहिलं, आणि प्रवासात खेळता यावं म्हणून गाडीत सोंगट्यांचा पट पक्का बसवून घेतला होता.

यातलं एकही पुस्तक आज शिल्लक नाही. एट्रुस्कन भाषा जाणणाऱ्या शेवटच्या विद्वानांपैकी तो एक असावा, म्हणून ते वीस खंड हरवल्याची हळहळ भाषाशास्त्रज्ञांना अजून वाटते.

अधिकाराचं पद म्हणाल तर काका टायबेरियसने काहीच दिलं नाही. इ.स. ३७ मध्ये पुतण्या कॅलिगुलाने त्याला आपल्याबरोबर कॉन्सल, म्हणजे रोमच्या वर्षभराच्या सर्वोच्च पदाचा अधिकारी केलं, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. मेजवानीला उशिरा आला तर त्याला बसायला जागा मिळायची नाही. जेवून तिथेच पेंगला तर लोक त्याच्यावर ऑलिव्हच्या बिया फेकायचे.

पडद्यामागे लपलेल्या माणसाला ओढून सम्राट केलं, ही गोष्ट खरी आहे का?

बरीचशी खरी असावी. २४ जानेवारी ४१ रोजी प्रेटोरियन गार्डच्या, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांनी कॅलिगुलाला ठार केलं. मारेकऱ्यांचा म्होरक्या होता कॅसियस कीरिया. कॅलिगुलाची पत्नी आणि लहान मुलगी यांनाही सोडलं नाही. राजवाड्यात धावपळ माजली असताना क्लॉडियस एका पडद्याआड लपला. खालून पाय दिसले म्हणून एका सैनिकाने त्याला बाहेर काढलं. हा आता आपल्याला मारणार म्हणून क्लॉडियसने त्याचे पाय धरले, तर सैनिकाने त्यालाच सम्राट म्हणून मुजरा केला. ज्यू इतिहासकार जोसेफस या सैनिकाचं नाव ग्रॅटस असं देतो.

पुढचा दिवस मात्र गोष्टीत सांगतात तितका बावळटपणाचा नव्हता. सिनेट, म्हणजे रोममधल्या उमरावांची सभा, कॅपिटॉल टेकडीवर जमून प्रजासत्ताक परत आणायचं की आपल्यातलाच कुणी सम्राट करायचा यावर वाद घालत बसली. क्लॉडियस गार्डच्या छावणीत होता आणि ज्यू राजा हेरोद अग्रिप्पा निरोप घेऊन दोन्हीकडे ये-जा करत होता. क्लॉडियसने प्रत्येक सैनिकाला १५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) देण्याचं कबूल केलं. साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा ९०० सेस्टर्स होता, यावरून आकड्याचं वजन लक्षात यावं. सैनिकांची निष्ठा अशी उघड रोकड देऊन घेणारा हा पहिला सम्राट, असं सुएटोनियस नोंदवतो. क्लॉडियसने ते लपवलंही नाही. गार्डच्या छावणीचं चित्र असलेली नाणीच त्याने पाडली.

माझं मत विचाराल तर पडद्यामागचा भित्रा माणूस आणि दुसऱ्या दिवशीचा थंड डोक्याचा सौदागर हे दोघेही खरे आहेत. पन्नास वर्षं त्या घरात जिवंत राहिलेला माणूस दोन्ही शिकलेला असणार.

सिनेटने त्याला मनापासून स्वीकारलं का?

नाही. पुढच्याच वर्षी डाल्मेशियाचा, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याकडच्या प्रांताचा सुभेदार स्क्रिबोनियानस याने बंड केलं. रोममधल्या बऱ्याच सिनेटरांचा त्याला आतून पाठिंबा होता. सैन्य पाच दिवसांत फिरलं म्हणून ते फसलं. निष्ठावंत राहिलेल्या सातव्या आणि अकराव्या लीजनला, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांना, क्लॉडियसने आपलं नाव बहाल केलं. यानंतर त्याला भेटायला येणाऱ्यांची झडती घेतली जाऊ लागली. बायका आणि मुलंही त्यातून सुटत नव्हती.

ब्रिटन त्याने का जिंकलं?

गरज होती म्हणून. ब्रिटनच्या नव्हे, त्याच्या. रोममध्ये राज्यकर्त्याला रणांगणावरची कीर्ती लागे आणि याने आयुष्यात तलवार उपसली नव्हती. ज्युलियस सीझरने दोनदा जाऊन अर्धवट सोडलेलं बेट जिंकलं तर सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. पळून आलेल्या एका ब्रिटिश सरदाराची तक्रार हे निमित्त झालं.

इ.स. ४३ मध्ये औलस प्लॉटियसच्या हाताखाली चार लीजन निघाल्या. त्यातल्या एकीचा प्रमुख होता व्हेस्पेशियन, पुढे तोही सम्राट झाला. किनाऱ्यावर येऊन सैन्य अडून बसलं, जगाच्या कडेबाहेर आम्ही जाणार नाही म्हणून. त्यांची समजूत घालायला क्लॉडियसने आपला सचिव नार्सिसस याला पाठवलं. एकेकाळचा गुलाम सेनापतीच्या चौथऱ्यावर चढून भाषण करतोय हे पाहून सैनिकांना हसू फुटलं. त्यांनी 'सॅटर्नेलिया'ची आरोळी ठोकली. या सणाला रोममध्ये गुलाम मालकांचे कपडे घालत. हसण्यात राग विरला आणि सैन्य जहाजांवर चढलं.

टेम्सपर्यंत पोचल्यावर प्लॉटियस थांबला आणि सम्राटाला बोलावणं गेलं. क्लॉडियस आला, कॅमुलोडुनुममध्ये म्हणजे आजच्या कोल्चेस्टरमध्ये विजयी प्रवेश केला, राजांची शरणागती घेतली आणि परत गेला. ब्रिटनमधला त्याचा मुक्काम फक्त सोळा दिवसांचा. पुढच्या वर्षी रोममध्ये विजयोत्सवाची मिरवणूक निघाली आणि मुलाला ब्रिटानिकस हे नाव मिळालं.

बेट पूर्ण ताब्यात यायला पुढची कित्येक वर्षं लागली. प्रतिकाराचा नेता कॅराटाकस इ.स. ५१ मध्ये पकडला गेला. साखळदंडात रोमला आणलेल्या या राजाला क्लॉडियसने कुटुंबासह जीवदान दिलं. रोमन रिवाजात ही मोठी अपवादाची गोष्ट होती.

हत्ती नेले होते का?

मोहिमेच्या तयारीत हत्तींचा उल्लेख इतिहासकार कॅसियस डिओ करतो. त्यापलीकडे हत्तींवरून जी चित्रं रंगवली जातात ती चित्रकारांची.

राज्य तो चालवत होता की त्याचे गुलाम?

हा आरोप त्याच्या हयातीतच होता. नेमकेपणाने बोलायचं तर ते गुलाम नव्हते, गुलामगिरीतून मुक्त झालेले सेवक होते. पॅलासकडे हिशेब, नार्सिससकडे पत्रव्यवहार, कॅलिस्टसकडे अर्ज-विनंत्या, पॉलिबियसकडे ग्रंथ आणि संदर्भ. आज ज्याला आपण सचिवालय म्हणतो त्याची खाती इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतात. मोठ्या घरातला दिवाणजी जसा सगळ्या व्यवहाराच्या किल्ल्या कमरेला बाळगतो, तशी या चौघांची स्थिती होती. फरक इतकाच की घर म्हणजे सगळं भूमध्य जग होतं.

त्याने असं का केलं याचं उत्तर मागच्या दोन-तीन प्रश्नांत आलंय. सिनेटरांवर विश्वास टाकावा तर त्यातला कोण सुरा घेऊन येईल सांगता येत नाही. या सेवकांचं मात्र सगळं भाग्य धन्याशी बांधलेलं.

त्यांनी पैसा अमाप केला. नार्सिससची संपत्ती ४० कोटी सेस्टर्स सांगतात. एकदा क्लॉडियस खजिना रिकामा असल्याची कुरकुर करत होता, तेव्हा कुणीतरी म्हणालं, तुमच्या दोन सेवकांनी तुम्हाला भागीदार करून घेतलं तर पैशाला तोटा राहणार नाही. इ.स. ५२ मध्ये सिनेटने पॅलासला मानसन्मान आणि दीड कोटी सेस्टर्स देऊ केले. पॅलासने पैसे 'नम्रपणे' नाकारले, आणि त्या नम्रतेचा ठराव धातूच्या पत्र्यावर कोरून लावला गेला. पन्नास वर्षांनी लेखक धाकट्या प्लिनीने त्याच्या थडग्यावर या सन्मानाचा उल्लेख वाचला तेव्हाही त्याचा संताप झाला होता.

तरीही, 'सेवकांच्या हातातलं बाहुलं' हे चित्र मला पटत नाही. त्याची जी पत्रं आणि भाषणं शिलालेखांत नि पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, सापडली आहेत, त्यांत एकाच माणसाचा आवाज ऐकू येतो. पाल्हाळिक, मधेच इतिहासाचा धडा देणारा, स्वतःलाच टोकणारा. अशी भाषणं कुठलाही सचिव लिहून देणार नाही.

त्याचं सर्वांत मोठं काम कोणतं?

ब्रिटन नव्हे, बंदर.

रोम शहर इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेच्या गव्हावर जगत होतं, पण शहराजवळ सुरक्षित बंदर नव्हतं. ऑस्टियाला टायबर नदीच्या मुखाशी गाळ साचलेला, त्यामुळे मोठी जहाजं दूर नेपल्सच्या आखातात पुतेओलीला लागायची आणि तिथून माल लहान बोटींनी यायचा. हिवाळ्यात समुद्र बंद. क्लॉडियस गादीवर आला तेव्हा कोठारात जेमतेम आठवडाभराचं धान्य होतं, असा तत्त्वज्ञ सेनेकाचा एक उल्लेख आहे.

इ.स. ४२ मध्ये त्याने ऑस्टियाच्या उत्तरेला नवं बंदर खोदायला घेतलं. वास्तुकारांना खर्च विचारला तर ते म्हणाले, तो आकडा तुम्ही ऐकूच नका. त्याने ऐकला आणि काम सुरू केलं. समुद्रात दोन्ही बाजूंनी हातांसारखे दोन धक्के घातले. इजिप्तमधला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, आणण्यासाठी कॅलिगुलाने बांधलेलं अजस्र जहाज बुडवून त्याच्यावर दीपस्तंभाचा पाया घातला. तो ओबेलिस्क आज व्हॅटिकनमध्ये सेंट पीटरच्या चौकात उभा आहे.

धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी त्याने केलेले नियम मला बंदराइतकेच महत्त्वाचे वाटतात. वादळात जहाज बुडालं तर नुकसान सरकारचं. धान्यासाठी जहाज बांधणाऱ्याला सवलती, काहींना नागरिकत्व, तर स्त्रियांना चार मुलांच्या आईला मिळणारे हक्क. हिवाळ्यातही जहाजं सुटावीत म्हणून हा सगळा खटाटोप.

आणि तरीही इ.स. ५१ मध्ये टंचाई झालीच. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, जमावाने त्याला घेरून शिव्या घातल्या आणि पावाचे तुकडे फेकून मारले. मागच्या दाराने कसाबसा तो राजवाड्यात पोचला. शहरात तेव्हा पंधरा दिवसांचं अन्न उरलं होतं, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. बंदरातही दोष राहिले. इ.स. ६२ च्या वादळात सुमारे दोनशे जहाजं ऐन बंदराच्या आत फुटली. पुढे सम्राट ट्रेजनने आत षटकोनी गोदी खोदली तेव्हा ते खऱ्या अर्थाने सुरक्षित झालं.

पाण्याचंही थोडक्यात सांगतो. कॅलिगुलाने सुरू केलेले दोन मोठे जलसेतू, अ‍ॅक्वा क्लॉडिया आणि अ‍ॅनियो नोव्हस, त्याने इ.स. ५२ मध्ये पूर्ण केले. लेखक थोरल्या प्लिनीने त्यांचा खर्च ३५ कोटी सेस्टर्स दिला आहे.

'मरायला निघालेले तुला वंदन करतात' हे ग्लॅडिएटर रोज म्हणायचे का?

म्हणत असल्याचा पुरावा नाही. हे वाक्य फक्त एका प्रसंगी नोंदलं गेलंय आणि तो प्रसंग क्लॉडियसच्या काळातला आहे. म्हणणारेही ग्लॅडिएटर नव्हते.

मध्य इटलीतलं फुचिनो सरोवर उपसून शेतजमीन काढण्यासाठी त्याने डोंगरातून साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा खणवला. ३०,००० माणसं अकरा वर्षं राबली. पाणी सोडण्याआधी इ.स. ५२ मध्ये सरोवरावर खोटी पण प्राणघातक आरमारी लढाई ठेवली. टॅसिटसच्या मते त्यात १९,००० माणसं होती, बहुतेक शिक्षा झालेले कैदी. त्यांनी ते प्रसिद्ध वंदन केलं. क्लॉडियस उत्तरादाखल म्हणाला, 'किंवा न मरणारेही.' आपल्याला माफी मिळाली असा अर्थ घेऊन ते लढायचेच थांबले. मग सम्राट आसनावरून उतरून लंगडत सरोवराच्या काठाने फिरला, कुणाला धमकावलं, कुणाला चुचकारलं, आणि लढाई सुरू झाली. वाचलेल्यांना शेवटी सोडून दिलं.

बोगदा मात्र खोलीला कमी पडला. पुन्हा खणून दुसऱ्यांदा उद्घाटन केलं तर पाण्याचा लोंढा असा आला की काठावरची मेजवानी उधळली गेली. त्याची चौथी बायको अ‍ॅग्रिपिना हिने तिथल्या तिथे नार्सिससवर पैसे खाल्ल्याचा आरोप केला. सरोवर पूर्ण आटवलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात.

न्यायाधीश म्हणून तो कसा होता?

हौशी. सणावाराच्या दिवशीही खटले ऐकायचा. कधी कायद्याचं अक्षर सोडून न्याय करायचा, तर कधी चक्क झोपायचा. एक बाई आपला मुलगा नाकारत होती आणि पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच. क्लॉडियसने निकाल दिला की मग त्याच्याशी लग्न कर. बाईने लगेच मुलगा कबूल केला. पण त्याचा धाकही लोकांना नव्हता. चिडलेल्या एका प्रतिष्ठित नागरिकाने हातातली लेखणी आणि पाट्या त्याच्या तोंडावर फेकल्या, त्यात त्याचा गाल कापला.

परप्रांतीयांना सिनेटमध्ये घेण्याचं प्रकरण काय?

इ.स. ४८ मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या प्रतिष्ठित लोकांनी रोममधली पदं आणि सिनेटची दारं आपल्यालाही खुली करा अशी मागणी केली. जुन्या सिनेटरांचा विरोध होता. इटलीत माणसं कमी आहेत का, आणि यांच्याच पूर्वजांनी सीझरला वेढलं होतं ना, असा त्यांचा सूर.

क्लॉडियसने केलेलं भाषण लिऑनमध्ये काशाच्या पत्र्यावर कोरलं गेलं. तो पत्रा १५२८ मध्ये एका टेकडीवर सापडला. टॅसिटसनेही तेच भाषण आपल्या शब्दांत दिलंय, त्यामुळे मूळ आणि इतिहासकाराने घासूनपुसून काढलेली आवृत्ती शेजारी ठेवून वाचण्याची दुर्मिळ सोय झाली आहे. मुद्दा दोन्हीकडे एकच: रोम पहिल्यापासून बाहेरच्यांना सामावून घेतच वाढलं, आपले जुने राजेसुद्धा परके होते. मूळ भाषणात मात्र तो एट्रुस्कन राजांच्या कुळकथेत इतका रमतो की मधेच स्वतःला उद्देशून म्हणतो, आता मुद्द्यावर ये बाबा. सिनेटने शेवटी होकार दिला आणि सुरुवात एडुई जमातीपासून झाली.

म्हणजे तो उदारमतवादी होता?

आजचं लेबल लावू नका. आजारी गुलामांना टायबरमधल्या बेटावर, वैद्यकदेव एस्क्युलापियसच्या देवळापाशी टाकून देणाऱ्या मालकांविरुद्ध त्याने कायदा केला. असा गुलाम बरा झाला तर स्वतंत्र, आणि मालकाने टाकण्याऐवजी मारला तर तो खून. याच माणसाने ड्रुइडांच्या, म्हणजे केल्टिक पुरोहितांच्या, धर्मावर बंदी आणली आणि रोममधून ज्यूंना हाकललं. अलेक्झांड्रियात ग्रीक आणि ज्यू यांच्यात दंगली झाल्या, तेव्हा इ.स. ४१ मध्ये त्याने लिहिलेलं पत्र पपायरसवर मिळालं आहे. त्यात तो दोघांनाही झापतो, आणि आपल्या नावाचं देऊळ व पुजारी नकोत म्हणून सांगतो. त्याला हवी होती शांतता आणि शिस्त. कधी ती उदारपणाने मिळायची, कधी दंडुक्याने.

मेसालिनाबद्दल जे सांगतात ते कितपत खरं?

मेसालिना ही त्याची तिसरी बायको, वयाने खूपच लहान. ऑक्टाव्हिया आणि ब्रिटानिकस ही तिची मुलं. तिच्या रात्रीच्या उद्योगांच्या कथा नंतरच्या कवींनी आणि इतिहासकारांनी चघळून चघळून लिहिल्या. सत्तेतल्या बाईला बदनाम करण्याचा तो सोपा मार्ग होता, म्हणून त्या मी बाजूला ठेवतो.

इ.स. ४८ मधला प्रसंग मात्र बाजूला ठेवता येत नाही. क्लॉडियस ऑस्टियाला गेला असताना तिने गायस सिलियस या नियोजित कॉन्सलशी साक्षीदारांसमोर लग्न लावलं. हे कुणाला खरं वाटणार नाही, असं टॅसिटस स्वतःच आधी म्हणून टाकतो. नुसतं प्रेमप्रकरण म्हणावं तर लग्न कशाला? मला यात उठावाचा बेत दिसतो. सिलियस सम्राट, ब्रिटानिकस त्याचा दत्तक मुलगा. क्लॉडियस वाटेत पुन्हापुन्हा विचारत होता, 'मी अजून सम्राट आहे ना?' सूत्रं नार्सिससने हातात घेतली. सिलियसला मारलं, आणि क्लॉडियस विरघळेल या भीतीने मेसालिनाला लुकुलसच्या बागेत गाठून तिचाही शेवट केला. बातमी आली तेव्हा क्लॉडियस जेवत होता. त्याने काही विचारलं नाही, प्याला मागवला.

नंतर त्याने सख्ख्या पुतणीशी लग्न केलं?

हो. पुन्हा लग्न केलं तर मला ठार मारा, असं त्याने अंगरक्षकांना सांगितलं होतं. काही महिन्यांत नार्सिसस, कॅलिस्टस आणि पॅलास हे तीन सेवक तीन स्थळं घेऊन हजर. पॅलासने सुचवलेली अ‍ॅग्रिपिना ठरली. जर्मानिकसची मुलगी, कॅलिगुलाची बहीण आणि ऑगस्टसची पणती. रोमन कायद्याने हे लग्न अगम्यगमनात मोडत होतं, म्हणून सिनेटने कायदाच बदलला. भावाच्या मुलीशी लग्न चालेल, बहिणीच्या मुलीशी मात्र नाही. इ.स. ४९ च्या सुरुवातीला लग्न झालं. या सवलतीचा फायदा घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

स्वतःचा मुलगा असताना नीरोला वारस का केलं?

नीरो हा अ‍ॅग्रिपिनाचा आधीच्या लग्नातला मुलगा. ब्रिटानिकस नीरोहून तीन वर्षांनी लहान होता आणि त्याच्या आईचं नाव बुडालेलं होतं. नीरोच्या अंगात आईकडून ऑगस्टसचं रक्त होतं, म्हणजे क्लॉडियसकडे कधीच नसलेली गोष्ट. इ.स. ५० मध्ये दत्तकविधान झालं, ५३ मध्ये नीरोचं लग्न ऑक्टाव्हियाशी. मेसालिनाच्या प्रकरणानंतर गादीसाठीची दोन घराणी एकत्र बांधणं हा राजकारण म्हणून चुकीचा हिशेब नव्हता. बाप म्हणून तो भयंकर ठरला. इ.स. ५५ मध्ये ब्रिटानिकस जेवता जेवता मेला, ६२ मध्ये ऑक्टाव्हियाला मारलं गेलं.

मशरूममधून विष दिलं का?

१३ ऑक्टोबर ५४ रोजी, चौसष्टाव्या वर्षी तो वारला. प्राचीन लेखकांपैकी बहुतेकांना विषाची खात्री आहे, तपशिलात मात्र ते जुळत नाहीत. कुणी म्हणतं चव घेणारा हॅलोटस सामील होता, कुणी म्हणतं अ‍ॅग्रिपिनाने स्वतःच्या हाताने वाढलं. विष तयार करणारी लोकस्टा, आणि उलटी करवण्याच्या निमित्ताने विषारी पीस घशात घालणारा वैद्य झेनोफोन, ही टॅसिटसची पात्रं. नीरो पुढे मशरूमला 'देवांचं अन्न' म्हणायचा, कारण ते खाऊन क्लॉडियस देव झाला होता. खाणंपिणं अफाट असलेला, त्यात पोटाच्या दुखण्याने बेजार झालेला वयस्कर माणूस नैसर्गिक रीतीनेही जाऊ शकतो, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला अ‍ॅग्रिपिनाचा संशय सुटत नाही, कारण वेळ फार सोयीची होती. ब्रिटानिकस वयात येण्याच्या बेतात होता.

मग तो चांगला सम्राट होता की वाईट?

राज्यकारभार चांगला, दरबार भीतीचा. त्याच्या काळात ३५ सिनेटर आणि तीनशेहून जास्त सरदार मारले गेले, असं सुएटोनियस सांगतो. कित्येकांची सुनावणी राजवाड्याच्या आतच झाली. भोळा, विद्वान, बायकांनी नाडलेला आजोबा ही कादंबऱ्यांतली प्रतिमा वाचायला गोड आहे, पण हे आकडे तिच्यात बसत नाहीत. त्याची भीती खरी होती आणि तिची किंमत इतरांनी मोजली.

भारताशी त्याचा काही संबंध?

थेट नाही, पण त्याच्या काळाचा आहे. थोरला प्लिनी एक हकिकत देतो. तांबड्या समुद्रावरच्या जकातीचा ठेका घेतलेल्या अ‍ॅनियस प्लोकॅमसचा एक माणूस वादळात भरकटून श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने त्याला सहा महिने ठेवून घेतलं. त्याच्याजवळची रोमन नाणी वेगवेगळ्या राज्यकर्त्यांची असूनही वजनाला सारखी आहेत, हे पाहून राजा खूश झाला आणि त्याने चार दूत क्लॉडियसच्या दरबारी पाठवले. त्यांचा प्रमुख राखियास.

मोसमी वाऱ्यांवर इजिप्तहून थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याला येणारा व्यापार पहिल्या शतकाच्या मध्यात भरात होता. त्याच सुमाराच्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकांच्या मार्गदर्शिकेत कल्याण, पैठण आणि तेर ही आपली गावं येतात. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं तिच्यात म्हटलंय. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती याच देवघेवीची साक्ष. क्लॉडियसच्या नव्या बंदरात नाईलच्या वाटेने आलेल्या गव्हासोबत मिरीही उतरत असणार.

त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांत कुणावर विश्वास ठेवायचा?

टॅसिटस सर्वांत धारदार, पण त्याच्या ग्रंथातला इ.स. ३७ ते ४७ चा भाग हरवला आहे. म्हणजे राज्यारोहण, बंदर, ब्रिटन हे सगळं गेलं, आणि उरली ती नेमकी मेसालिनाच्या पतनापासूनची वर्षं. बायकांच्या कह्यातला म्हातारा ही प्रतिमा इतकी घट्ट का झाली याचं अर्धं उत्तर या गहाळ पानांत आहे. सुएटोनियसकडे किस्से भरपूर, काळाचा क्रम नाही. कॅसियस डिओ दीडशे वर्षांनंतरचा.

सेनेका वाचताना जपून. क्लॉडियसने त्याला आठ वर्षं कॉर्सिकात हद्दपार ठेवलं होतं. तिथून त्याने पॉलिबियसला लिहिलेल्या सांत्वनपत्रात क्लॉडियसची स्तुती ओसंडून वाहते. क्लॉडियस मेल्यावर त्याच्या देवत्वाची, बोलण्याची आणि लंगडण्याची टर उडवणारं प्रहसन लिहिणाराही हाच.

आज त्याच्या खुणा कुठे पाहायला मिळतात?

रोमला गेलात तर पोर्ता माज्जोरे हे दार पाहा. मुळात ते जलसेतूंना पेलणारी दुहेरी कमान आहे आणि त्यावर क्लॉडियसचा शिलालेख आहे. शहराच्या आग्नेयेला जलसेतूंच्या उद्यानात अ‍ॅक्वा क्लॉडियाच्या कमानींची लांब ओळ अजून उभी आहे. बंदराचे अवशेष फ्युमिचिनो विमानतळाला लागूनच आहेत, पण समुद्र आता बराच मागे हटलाय. कोल्चेस्टरचा नॉर्मन किल्ला त्याच्या देवळाच्या चौथऱ्यावर बांधलेला आहे. तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियासला तो ब्रिटानियाला, म्हणजे स्त्रीरूपात दाखवलेल्या ब्रिटनला, केस धरून लोळवतो असं शिल्प आहे. त्यात सम्राट उघडा, पीळदार आणि ताठ दाखवलाय. आणि भाषणाचा तो काशाचा पत्रा लिऑनच्या संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर थोडा जास्त वेळ हाताशी ठेवा, भाषण लांबलचक आहे.